वाढता घेर, वाढती जोखीम : अतिरिक्त वजन आणि कर्करोग

कर्करोगाचे कारण विचारले की सीमाभागातील माणसाच्या तोंडी पहिले नाव तंबाखूचे येते. ते स्वाभाविक आहे. बेळगाव जिल्ह्यातील निपाणी ही तंबाखूची जुनी बाजारपेठ. तंबाखू उत्पादक शेतकऱ्यांचे १९८१ चे आंदोलन येथेच झाले आणि विडी वळणाऱ्या हजारो स्त्रियांचे संसार याच पिकावर उभे राहिले. तोंडाचा, घशाचा आणि फुप्फुसाचा कर्करोग या भागाने जवळून पाहिला आहे. परंतु गेल्या दोन दशकांत वैद्यकशास्त्राने कर्करोगाच्या आणखी एका कारणावर ठळकपणे बोट ठेवले आहे. त्याला वास नाही, त्याच्या पाकिटावर इशारा छापलेला नसतो आणि ‘खात्या-पित्या घरचे लक्षण’ म्हणून त्याचे आजही कौतुक होते. ते कारण म्हणजे शरीराचे अतिरिक्त वजन.

बेळगाव शहराच्या दक्षिण भागातील खासबाग, वडगाव आणि शहापूर या विणकरांच्या वस्त्या. हातमागावर बसलेला विणकर पायांनी माग चालवीत आणि हाताने धोटा फेकीत असे. लुगडे पूर्ण होईपर्यंत सारे शरीर राबत असे. यंत्रमाग आला आणि हे श्रम विजेने उचलले. कामगाराच्या वाट्याला उरले ते मागावर लक्ष ठेवणे आणि तुटलेला धागा जोडणे. दुसरीकडे घरातील पाटा-वरवंटा गेला आणि मिक्सर आला, सायकलीची जागा दुचाकीने घेतली. ज्वारीच्या भाकरीशेजारी मैद्याचे पदार्थ, फरसाण आणि गोड शीतपेये येऊन बसली. कुंदा पूर्वी पाहुण्यांच्या निमित्ताने घरी येई, आता त्याला निमित्त लागत नाही. खासबागेत घडले ते मडगाव, म्हापसा आणि फोंड्यातही घडले आहे. या बदलाने कष्ट हलके केले, ही चांगलीच गोष्ट झाली. मात्र कमी झालेल्या श्रमांच्या प्रमाणात ताटातील उष्मांक कमी झाले नाहीत, आणि जो फरक उरला तो शरीरात चरबी होऊन साठू लागला.

संशोधन काय सांगते?

जागतिक आरोग्य संघटनेच्या अखत्यारीतील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था फ्रान्समधील लियाँ येथे आहे. या संस्थेच्या तज्ज्ञगटाने २०१६ मध्ये उपलब्ध पुरावा तपासला आणि अतिरिक्त चरबी टाळल्यास १३ प्रकारच्या कर्करोगांची जोखीम कमी होते, असा निष्कर्ष काढला. ते अवयव असे : अन्ननलिका (अडेनोकार्सिनोमा हा प्रकार), जठराचा अन्ननलिकेलगतचा भाग, मोठे आतडे व गुदाशय, यकृत, पित्ताशय, स्वादुपिंड, पाळी थांबल्यानंतरच्या वयातील स्त्रियांचे स्तन, गर्भाशयाचे अस्तर, बीजांडकोश, मूत्रपिंड, मेंदूचे आवरण (मेनिन्जिओमा), थायरॉईड ग्रंथी आणि अस्थिमज्जा (मल्टिपल मायलोमा).

या सर्वांची जोखीम सारख्या प्रमाणात वाढत नाही. वजनाच्या सर्वांत वरच्या गटातील व्यक्तींची तुलना निरोगी वजनाच्या व्यक्तींशी केली असता गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाची जोखीम सुमारे सातपट आढळली. अन्ननलिकेच्या अडेनोकार्सिनोमाची जोखीम जवळजवळ पाचपट, तर यकृत आणि मूत्रपिंडाच्या कर्करोगांची सुमारे १.८ पट होती. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या बाबतीत हा आकडा १.३ आणि पाळी थांबल्यानंतरच्या स्तनाच्या कर्करोगाच्या बाबतीत साधारण १.१ इतकाच आहे.

त्याआधी २००३ मध्ये अमेरिकेतील एका विस्तृत अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले होते. त्यात नऊ लाखांहून अधिक प्रौढांचा १९८२ पासून १६ वर्षे मागोवा घेण्यात आला. अतिस्थूल पुरुषांमध्ये कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूचे प्रमाण निरोगी वजनाच्या पुरुषांपेक्षा ५२ टक्क्यांनी, तर अतिस्थूल स्त्रियांमध्ये ६२ टक्क्यांनी अधिक आढळले. ‘वजनाचा संबंध हृदयविकार आणि मधुमेहापुरता’ हा समज त्यानंतर टिकला नाही.

चरबी निष्क्रिय नसते

चरबी म्हणजे पोत्यात भरून ठेवलेले धान्य, अशी आपली कल्पना असते. प्रत्यक्षात चरबीच्या पेशी सतत काम करतात आणि रक्तात विविध द्रव्ये सोडतात. कर्करोगाशी त्यांचा संबंध मुख्यतः तीन मार्गांनी येतो.

पहिला मार्ग संप्रेरकांचा. पाळी थांबल्यानंतर बीजांडकोशातून इस्ट्रोजेन स्रवणे जवळजवळ बंद होते. त्यानंतर शरीरातील चरबीच इस्ट्रोजेनचा प्रमुख स्रोत बनते. चरबी जितकी जास्त तितके इस्ट्रोजेन जास्त, आणि या संप्रेरकामुळे स्तनातील व गर्भाशयाच्या अस्तरातील पेशींना वाढीची चालना मिळत राहते.

दुसरा मार्ग इन्सुलिनचा. पोटातील चरबी वाढली की शरीर इन्सुलिनला पुरेसा प्रतिसाद देत नाही. मग स्वादुपिंड अधिक इन्सुलिन तयार करते. रक्तात सदैव चढे राहिलेले इन्सुलिन पेशींना विभाजनासाठी उद्युक्त करते. विभाजने वाढली की त्यांतील चुकांची शक्यताही वाढते.

तिसरा मार्ग दाहाचा. फुगलेल्या चरबीच्या पेशींभोवती रोगप्रतिकारक पेशी गोळा होतात आणि शरीरात मंद दाह धुमसत राहतो. जखम भरून काढण्यासाठी असलेली ही यंत्रणा वर्षानुवर्षे चालू राहिली तर निरोगी पेशींच्या गुणसूत्रांना इजा होऊ शकते.

याखेरीज काही अवयवांना थेट त्रास होतो. यकृतात साठलेली चरबी काही रुग्णांत यकृताच्या सिरॉसिसपर्यंत आणि पुढे कर्करोगापर्यंत पोहोचते. पोटाच्या दाबामुळे आम्ल वारंवार वर येऊन अन्ननलिकेचे अस्तर बदलते. पित्ताशयातील खडे स्थूल व्यक्तींमध्ये अधिक आढळतात आणि ते पित्ताशयाच्या कर्करोगाशी निगडित आहेत.

एकाची जोखीम, सर्वांची जोखीम

येथे वाचकाच्या मनात शंका येते : ‘आमच्या आजी चांगल्या जाड होत्या, तरी नव्वदी गाठली, आणि शेजारच्या सडपातळ गृहस्थांना कर्करोग झाला. मग हे खरे कसे?’ दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. जोखीम म्हणजे भविष्यवाणी नव्हे. अतिरिक्त वजन असलेल्या बहुसंख्य व्यक्तींना कर्करोग होत नाही आणि कर्करोग झालेल्या अनेकांचे वजन कधीच जास्त नव्हते. वजनाचा परिणाम एका माणसात दिसून येत नाही, तो लोकसंख्येत दिसतो.

समजण्यासाठी एक हिशेब मांडू. एखाद्या गावातील शंभरापैकी ३० जणांचे वजन अधिक आहे आणि त्यामुळे त्यांची एका विशिष्ट कर्करोगाची जोखीम केवळ १.३ पट होते, असे धरू. तरी त्या गावातील त्या कर्करोगाच्या शंभर रुग्णांपैकी सुमारे आठ रुग्ण वजनामुळे झालेले असतील. आता दुसरे एखादे कारण घेऊ. ते जोखीम पाचपट करते, पण शंभरात एकालाच लागू पडते. त्याच्यामुळे झालेले रुग्ण शंभरात चारही भरत नाहीत. मोठा धोका थोड्यांना असण्यापेक्षा लहान धोका पुष्कळांना असणे समाजाला महाग पडते. आरोग्य खाते वजनाकडे गांभीर्याने पाहते ते या हिशेबामुळे.

जगाचा असा हिशेब ‘द लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला आहे. २०१२ मध्ये जगात प्रौढांना झालेल्या नव्या कर्करोगांपैकी सुमारे ४ लाख ८१ हजार, म्हणजे ३.६ टक्के, अतिरिक्त वजनामुळे झाल्याचा अंदाज त्यात मांडला आहे. स्त्रियांमध्ये हे प्रमाण ५.४ टक्के, तर पुरुषांमध्ये १.९ टक्के होते. अतिविकसित देशांत ते ५.३ टक्के आणि अविकसित देशांत सुमारे एक टक्का होते. समृद्धीबरोबर हा वाटा वाढतो, असा त्याचा अर्थ. अमेरिकेत २०१४ मधील कर्करोगांपैकी १९ टक्के धूम्रपानामुळे आणि ७.८ टक्के अतिरिक्त वजनामुळे झाल्याचा अंदाज आहे. तेथे टाळता येण्याजोग्या कारणांत वजनाचा क्रमांक धूम्रपानाच्या खालोखाल लागतो.

एक गल्लत मात्र टाळावी. ‘अमेरिकेतील ४० टक्के कर्करोग लठ्ठपणाशी संबंधित’ असे वाक्य वारंवार वाचनात येते. त्याचा अर्थ इतकाच की वरील १३ प्रकारांचे मिळून एकूण प्रमाण ४० टक्के आहे. ते सर्व रुग्ण वजनामुळे आजारी पडले, असा त्याचा अर्थ होत नाही.

तंबाखूच्या पट्ट्यातील गुंता

सीमाभागासारख्या प्रदेशात हा संबंध ओळखणे अवघड जाते, त्याला तंबाखू कारणीभूत आहे. विडी ओढणारा किंवा तंबाखू खाणारा माणूस बहुधा कृश असतो. त्यामुळे नुसते आकडे पाहिले तर कर्करोग बारीक माणसांनाच अधिक होतो, असे वाटू लागते. मुंबईत १९९०च्या दशकात ३५ वर्षांवरील सुमारे दीड लाख रहिवाशांची नोंदणी करून अभ्यास झाला. त्यात मृत्यूचे प्रमाण सर्वाधिक आढळले ते अतिशय कृश व्यक्तींमध्ये. क्षयरोग, तंबाखू आणि दारिद्र्य यांची छाया जेथे दाट असते, तेथे कृशपणा हे आरोग्याचे नव्हे, तर हलाखीचे चिन्ह असते.

म्हणून ‘जितके बारीक तितके चांगले’ हा निष्कर्ष चुकीचा आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील १८.७ टक्के स्त्रिया कमी वजनाच्या आणि २४ टक्के स्त्रिया जास्त वजनाच्या आढळल्या. एकाच गल्लीत, कधी एकाच घरात, दोन्ही टोके नांदत आहेत. वजन उतरावे म्हणून तंबाखू किंवा मिश्रीचा आधार घेणे तर आगीतून फुफाट्यात जाणे आहे.

दिसायला बारीक, आतून स्थूल

भारतीय शरीराचे एक वैशिष्ट्य पुण्यातील संशोधनाने जगासमोर आणले. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुणे जिल्ह्यातील खेड्यांमध्ये गरोदर स्त्रिया आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास सुरू केला. तेथील नवजात बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो होते. इंग्लंडमधील साउदम्प्टन येथील बाळांचे ते ३.५ किलो होते. आपली बाळे सर्वच बाबतीत लहान होती, मात्र त्यांच्या अंगावरील चरबी त्या मानाने घटलेली नव्हती. कमी पडला होता तो स्नायूंचा भाग.

डॉ. याज्ञिक आणि लंडनचे प्रा. जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र २००४ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी समान, देहभारांक २२.३. परंतु शरीरातील चरबी प्रा. युडकिन यांची ९.१ टक्के, तर डॉ. याज्ञिक यांची २१.२ टक्के होती. तराजूला जो फरक कळला नाही, तो शरीराच्या आत होता.

देहभारांक म्हणजे बीएमआय. ही कल्पना बेल्जियमचे गणिती केतले यांनी एकोणिसाव्या शतकात मांडली. किलोमधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की तो मिळतो. १६० सेंटीमीटर उंचीच्या व्यक्तीचा देहभारांक ५९ किलोला २३, ६४ किलोला २५ आणि ७७ किलोला ३० इतका होतो. आंतरराष्ट्रीय निकषानुसार २५ च्या पुढे अतिवजन आणि ३० च्या पुढे लठ्ठपणा धरतात. भारतीय तज्ज्ञांनी २००९ मध्ये हीच मर्यादा अनुक्रमे २३ आणि २५ अशी खाली आणली, ती आपल्या या शरीररचनेमुळेच. शिवाय कमरेचा घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटीमीटरपर्यंतच असावा, असा निकष ठरला.

कर्करोगाच्या संदर्भात हा घेर विशेष महत्त्वाचा. पाश्चात्त्य अभ्यासांत वजनाचा संबंध पाळी थांबल्यानंतरच्या स्तनाच्या कर्करोगाशीच दिसतो. भारतात मात्र हा रोग तुलनेने तरुण वयात आढळतो. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील रुग्ण-तुलनात्मक अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. नितंबांच्या तुलनेत कमरेचा घेर मोठा असेल, तर पाळी चालू असलेल्या आणि थांबलेल्या अशा दोन्ही वयोगटांत स्तनाच्या कर्करोगाची जोखीम वाढते, असे त्यात दिसून आले. एकूण वजनापेक्षा चरबी कोठे साठली आहे, हा प्रश्न आपल्या स्त्रियांसाठी अधिक मोलाचा आहे.

गोवा आणि शेजारची राज्ये

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या याच फेरीत गोव्यातील सुमारे ३६ टक्के स्त्रियांचा देहभारांक २५ किंवा त्याहून अधिक आढळला. कर्नाटकात हे प्रमाण सुमारे ३० टक्के, तर महाराष्ट्रात सुमारे २३ टक्के होते. कर्नाटकात त्याआधीच्या फेरीत ते सुमारे २३ टक्के होते. जेमतेम चार-पाच वर्षांत झालेली ही वाढ आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मधील अभ्यासात गोव्यातील मधुमेहाचे प्रमाण २६.४ टक्के, म्हणजे देशात सर्वाधिक नोंदले गेले. देशाची सरासरी ११.४ टक्के आहे. मधुमेह आणि वर सांगितलेले कर्करोग यांच्या मुळाशी पोटातील चरबी आणि चढे इन्सुलिन हे समान धागे आहेत. त्यामुळे मधुमेहाच्या या आकड्याकडे कर्करोगाची पूर्वसूचना म्हणूनही पाहिले पाहिजे.

महाराष्ट्रातील दोन कर्करोग नोंदण्या या बदलाचा अंदाज देतात. मुंबईची नोंदणी १९६३ पासून, तर सोलापूर जिल्ह्यातील बार्शीची ग्रामीण नोंदणी १९८७ पासून सुरू आहे. मुंबईत स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण बार्शीपेक्षा कितीतरी अधिक आहे. उशिरा होणारे पहिले मूल, कमी अपत्ये, कमी काळ स्तनपान अशी अनेक कारणे त्यामागे आहेत आणि वजन हे त्यांपैकी एक आहे. गावे शहरांसारखी होत जातील तसा हा फरक मिटत जाईल, आणि तो गावाच्या बाजूने मिटणार नाही.

वजन उतरवले तर?

जोखीम परत खाली येते का, याबाबतचा पुरावा वाढत आहे. अमेरिकेत पाळी थांबलेल्या स्त्रियांच्या एका मोठ्या अभ्यासात वजन किमान पाच टक्क्यांनी उतरलेल्या स्त्रियांमध्ये गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचे प्रमाण २९ टक्क्यांनी कमी आढळले. ७० किलोच्या स्त्रीसाठी पाच टक्के म्हणजे साडेतीन किलो. लठ्ठपणावरील शस्त्रक्रिया झालेल्या अमेरिकी रुग्णांच्या २०२२ मधील अभ्यासात लठ्ठपणाशी निगडित कर्करोगांची जोखीम ३२ टक्क्यांनी कमी दिसली. शस्त्रक्रिया सर्वांसाठी नसते. पण उतरलेल्या वजनाचा लाभ कर्करोगाच्या बाबतीतही मिळतो, ही आशा त्यातून बळावते.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. प्रयत्न न करता वजन झपाट्याने उतरू लागले तर आनंद मानू नये. ते स्वतः कर्करोगाचे लक्षण असू शकते. तसेच पाळी थांबल्यानंतर पुन्हा रक्तस्राव होणे, शौचातून रक्त जाणे, स्तनात गाठ लागणे, यांपैकी काहीही आढळल्यास वजन कितीही असो, डॉक्टरांना दाखवावे.

घरोघरी पोहोचणारी टेप

घेर मोजण्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. शिंप्याची टेप पुरते. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मध्यावर, सहज श्वास सोडल्यानंतर, टेप न आवळता माप घ्यावे. साडीच्या निऱ्या किंवा पँटच्या पट्ट्यावरून घेतलेले माप फसवे असते.

असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात ३० वर्षांवरील प्रत्येकाची पाहणी अपेक्षित आहे. आशा कार्यकर्ती घरी येऊन जो तक्ता भरते, त्यात वय, तंबाखू, मद्य, व्यायाम आणि घरातील आजार यांबरोबर कमरेच्या घेराचाही रकाना असतो. गुणांची बेरीज चारच्या वर गेली की त्या व्यक्तीस तपासणीसाठी प्राधान्याने पाठवायचे असते. याच कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांच्या कर्करोगांची तपासणी आहे. गोवा सरकारनेही २०२१ मध्ये ‘स्वस्थ महिला, स्वस्थ गोवा’ ही स्तनतपासणीची मोहीम हाती घेतली. बेळगावात केएलईच्या कर्करोग रुग्णालयाचे उद्घाटन जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते झाले. उपचाराची सोय जवळ आली, हे चांगले झाले. परंतु आशा कार्यकर्तीच्या तक्त्यातील तो रकाना अंदाजाने न भरता माप घेऊन भरला जावा, याचे मोल रुग्णालयाच्या खाटेपेक्षा कमी नाही.

दोष कोणाचा?

वजनाची चर्चा निघाली की बोट व्यक्तीकडे वळते : खाण्यावर ताबा नाही, आळस आहे. रुग्णाला तर हे ऐकवूच नये. एखाद्याचा कर्करोग वजनामुळेच झाला, असे कोणताही डॉक्टर खात्रीने सांगू शकत नाही. शिवाय एका पिढीत लाखो लोकांची वजने एकाच वेळी वाढतात, तेव्हा लाखो लोकांचा मनोनिग्रह एकाच वेळी संपला असे मानणे तर्काला धरून नाही. बदलले ते भोवताल.

भोवताल धोरणाने बदलता येतो, याची उदाहरणेही आहेत. खाद्यतेल आणि वनस्पती तुपातील ट्रान्स फॅटवर देशात जानेवारी २०२२ पासून दोन टक्क्यांची मर्यादा आहे. केरळने २०१६ मध्ये बर्गर-पिझ्झासारख्या पदार्थांवर १४.५ टक्के कर लावला होता. गोव्याच्या बाजारात बेळगावहून रोज भाजी येते. ती ताजी आणि परवडणारी राहणे हाही आरोग्याचाच प्रश्न आहे. चालण्याजोगे पदपथ, शाळेला खेळाचे मैदान, शाळेच्या फाटकाजवळ काय विकले जाते याकडे लक्ष आणि स्त्रियांना दिवसातून अर्धा तास स्वतःसाठी मिळणे, या गोष्टी कर्करोग प्रतिबंधाच्या यादीत सहसा लिहिल्या जात नाहीत. तेथे त्यांची नोंद व्हायला हवी.

तंबाखूच्या बाबतीत समाजाला कारण कळायला आणि कळल्यावर वळायला अर्धे शतक लागले. पाकिटावरील चित्रे, सार्वजनिक ठिकाणी बंदी, कर आणि शाळांतील प्रबोधन हे सारे एकत्र आले, तेव्हा कोठे फरक दिसू लागला. वजनाच्या बाबतीत कारण कळलेले आहे. सीमाभागाला आणि गोव्याला तंबाखूशी चाललेली लढाई अर्ध्यावर सोडता येणार नाही, आणि त्याच वेळी दुसऱ्या आघाडीकडे पाठही फिरवता येणार नाही.